आश्रयदाता एकच उरला की

लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या ड्यूकसाठी एक घोडा करायला घेतला होता. ब्राँझचा, सात मीटरहून उंच. एवढा मोठा घोडा ओतायचा कसा, इथूनच अडचण होती, आणि त्याच्या वह्यांत त्या ओतकामाची आखणी पानंच्या पानं चाललेली दिसते. १४९३ साली मातीचा पूर्णाकृती नमुना लोकांना बघायला ठेवला गेला. सत्तर टनांच्या आसपास धातू जमला होता. पुढच्याच वर्षी फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स आल्प्स उतरून इटलीत आला, आणि ड्यूक लुदोव्हिको स्फोर्झाने तो धातू उचलून आपल्या सासऱ्याकडे, फेराराच्या एर्कोले देस्तेकडे, तोफा ओतायला पाठवून दिला. १४९९ मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतलं तेव्हा त्यांच्या तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली. आणखी दोन वर्षांनी एर्कोलेला स्वतःचा अश्वारूढ पुतळा हवासा वाटला, तेव्हा त्याने मिलानच्या फ्रेंच अधिकाऱ्यांकडे घोड्याचा साचा मागितला. धातू आधीच तोफांत गेला होता. आता साचाही हवा होता. तो काही त्याला मिळाला नाही.

एर्कोलेचा मुलगा अल्फोन्सो बापाच्या वरताण निघाला. बोलोन्यात सान पेत्रोनिओ चर्चच्या दारावर पोप दुसऱ्या ज्युलियसचा ब्राँझपुतळा १५०८ साली बसवला होता. केलेला खुद्द मायकेलँजेलोने. १५११ च्या मे महिन्यात शहर पोपच्या हातून गेलं, डिसेंबरात पुतळा खाली पाडला गेला आणि त्याचा धातू अल्फोन्सोकडे पोचला. त्याने त्याची तोफ ओतली आणि तिचं नाव ठेवलं ‘ला ज्युलिया’. मस्तक तेवढं आठवण म्हणून बाजूला काढून ठेवलं, असं म्हणतात. मायकेलँजेलोने केलेला एकही ब्राँझपुतळा आज खात्रीने त्याचा म्हणून दाखवता येत नाही, याचं एक कारण ही तोफ आहे.

या दोन गोष्टी एवढ्यासाठी सांगितल्या की युरोपातल्या प्रबोधनकाळाबद्दल (रेनेसान्सबद्दल) बोलताना आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘एवढी कापाकापी चालली होती म्हणूनच ती कला झाली, शांततेत काही मोठं घडत नसतं.’ दुसरं जास्त प्रतिष्ठित आहे: ‘राजाश्रय होता म्हणून कला फुलली, आज तसे जाणते राजे कुठे राहिलेत?’ पहिलं वाक्य युद्धाची बाजू घेतं, दुसरं राजाची. मला दोन्ही पटत नाहीत. युद्धाने तिथे कलेचं काय केलं ते घोड्याच्या धातूने सांगून झालंय. राजाश्रयाचं उत्तर जरा लांब आहे, कारण ते वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं वाक्य खोडायला वेळ लागतो.

पंधराव्या शतकात इटली नावाचं राज्य नव्हतं. पाच मोठ्या सत्ता होत्या: मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पोपचं राज्य आणि नेपल्स. त्यांच्या फटीत मांतुआ, फेरारा, उर्बिनो, सिएना, लुक्का, रिमिनी अशी बारकी संस्थानं आणि नगरराज्यं. नेपल्सचा अपवाद सोडला तर वंशपरंपरागत राजा म्हणावा असा माणूस विरळाच. मिलानचा फ्रान्चेस्को स्फोर्झा हा पगारी सेनापती. मालकाच्या मुलीशी लग्न केलं आणि मालकाच्या मृत्यूनंतर १४५० मध्ये शहर ताब्यात घेऊन स्वतःला ड्यूक म्हणवू लागला. उर्बिनोचा फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो अनौरस. १४४४ मध्ये सावत्र भावाचा खून झाला आणि हा गादीवर आला. फ्लॉरेन्सचे मेडिची तर कागदोपत्री कोणीच नव्हते. प्रजासत्ताकातले एक सावकार नागरिक, बस. पोप निवडून येणारा, बहुतेकदा वय झालेला. आपण डोळे मिटायच्या आत पुतण्यांची सोय लावायची घाई त्याला असायची. यातल्या कोणाकडेही ‘मी इथे का बसलोय?’ या प्रश्नाला शेजाऱ्याला पटेल असं उत्तर नव्हतं. घुमट, ग्रंथालय, भित्तिचित्र, लॅटिन स्तुतिकाव्य हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. उत्तर महाग होतं, तरी सैन्य बाळगण्यापेक्षा स्वस्त पडायचं.

लोरेन्झो दे मेडिचीने आपल्या टिपणात एक हिशेब लिहून ठेवला आहे. १४३४ ते १४७१ या काळात घराण्याने इमारती, दानधर्म आणि कर मिळून ६,६३,७५५ फ्लोरिन खर्च केले. त्याचा मला खेद नाही, असंही तो पुढे म्हणतो. त्यातले थोडे पैसे थैलीत असते तर बरं, असं म्हणणारे भेटतील, पण या खर्चाने राज्याची शान वाढली. इमारती, दानधर्म आणि कर एकाच रकमेत धरण्यात त्याचा हिशेबीपणा आहे. मेडिचींच्या लेखी ती तिन्ही एकाच खात्यावरची होती: शहराने आपल्याला सहन करावं म्हणून भरलेली रक्कम. आजोबा कोसिमोला १४३३ मध्ये शहराने हद्दपार केलं होतं. वर्षभरात तो परतला, पण ती गोष्ट घराण्यात कोणी विसरलं नाही.

राजाश्रयाच्या गोष्टीतली अर्धी खरी बाजू ती एवढीच. पैसा सत्तेचा होता. पण सत्तेकडे पैसा असणं आणि त्या पैशाने चांगलं काम करून घेता येणं यात फरक आहे. तो फरक आला कुठून? माझं म्हणणं सोपं आहे: दारं अनेक होती, आणि एका दारातून निघालेला माणूस दुसऱ्या दारात जाईपर्यंत जिवंत राहू शकत होता.

चित्रकार मांतेन्याला मांतुआच्या लुदोव्हिको गोन्झागाने बोलावलं तेव्हा काय देऊ केलं त्याचा तपशील पत्रात आहे. महिना पंधरा ड्यूकॅट, राहायला घर, सहा माणसांना पुरेल एवढं धान्य, जळण. मनधरणी बरीच वर्षं चालली आणि १४६० मध्ये तो एकदाचा गेला. संस्थानाचा धनी एका सुताराच्या मुलाची मनधरणी करतो, कारण हा माणूस पादुआत राहिला किंवा शेजारच्या फेरारात गेला तर आपल्या भिंती कोऱ्या राहतील ही त्याला धास्ती. लिओनार्दो स्वतः फ्लॉरेन्सहून मिलानला गेला, मिलान पडल्यावर मांतुआ-व्हेनिस करत पुन्हा फ्लॉरेन्सला, १५०२ मध्ये चेझारे बोर्जियाकडे लष्करी अभियंता म्हणून, मग पुन्हा मिलान, रोम आणि शेवटी फ्रान्स. लुदोव्हिकोला लिहिलेल्या नोकरीच्या अर्जाच्या मसुद्यात त्याने आपले दहा गुण मोजले आहेत. पहिले नऊ पूल, तोफा, सुरुंग, चिलखती गाड्या असे. इमारती, शिल्प आणि चित्र यांचा नंबर दहाव्यात, आणि त्या अर्जातच घोड्याचाही उल्लेख आहे. अर्ज कोणापुढे कसा करायचा हे त्याला चांगलं कळत होतं.

सर्वात बोलकी गोष्ट मायकेलँजेलोची आहे. १५०६ च्या एप्रिलमध्ये पोप ज्युलियसने आपल्या थडग्याच्या कामाचे पैसे अडवले आणि भेटही नाकारली, तेव्हा हा कोणाला न सांगता रोममधून निघून फ्लॉरेन्सला आला. पोपने मागोमाग नगरसभेला पत्रावर पत्र धाडलं: माणूस परत पाठवा. मायकेलँजेलो महिनोन्‌महिने हलला नाही. तुर्की सुलतानासाठी पूल बांधायला जावं असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला, असं त्याचा चरित्रकार शिष्य सांगतो. शेवटी फ्लॉरेन्सचा प्रमुख सोदेरिनी वैतागून म्हणाला म्हणे, की फ्रान्सच्या राजानेही पोपशी असं वागायची हिंमत केली नसती, आणि तुझ्यापायी आम्हाला युद्ध नको आहे. मग तो गेला, नोव्हेंबरात, बोलोन्याला, आणि समेटाची वर्दी म्हणून त्याच्याकडून पोपने करून घेतलेलं काम म्हणजे तोच तो ब्राँझपुतळा. इतक्या भांडणानंतरही सिस्टीन चॅपेलचं छत त्याच्याच हाती दिलं गेलं. एका पाथरवटाने पोपला सहा महिने ताटकळत ठेवलं, आणि ते जमलं कारण दोघांच्या मध्ये एक सरहद्द होती. ज्युलियसची कलेची समज मोठी होती हे मान्य. पण सरहद्द नसती तर त्या समजेचा मायकेलँजेलोला किती उपयोग झाला असता?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण राजाश्रयवाले ती गाळतात. फ्लॉरेन्समधली सुरुवातीची मोठी कामं कोणा राजाने दिलेलीच नाहीत. बाप्तिस्मागृहाच्या दरवाजासाठी १४०१ साली स्पर्धा लागली ती कापड व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघाने, लावलेली. चौतीस परीक्षक होते, असं विजेता गिबर्टी स्वतः लिहितो. हरलेल्यांत ब्रुनेलेस्की होता. पुढे त्यानेच कॅथीड्रलचा घुमट १४२० ते १४३६ या काळात उभा केला, तेही लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीच्या देखरेखीखाली. त्या बैठकांचे, मजुरीचे, दगड-विटांचे हिशेब आजही वाचायला मिळतात. घासाघीस, संशय, दुसऱ्याला नेमून पहिल्यावर लक्ष ठेवणं, सगळं त्यात आहे. समितीने मोठं काम होत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो घुमट एकदा बघावा.

राजकारण आणि कला एकमेकांत किती विणलेली होती याचं माझं आवडतं उदाहरण १४७८ चं आहे. २६ एप्रिलला, फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना, लोरेन्झो आणि त्याचा भाऊ जूलियानो यांच्यावर हल्ला झाला. जूलियानो मेला, लोरेन्झो वाचला. कटामागे पाझी हे प्रतिस्पर्धी सावकार घराणं आणि त्यांच्या पाठीशी पोप चौथा सिक्स्टस. पीसाच्या आर्चबिशपला त्याच दिवशी नगरभवनाच्या खिडकीतून फासावर लटकवलं. पळून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेलेल्या एका मारेकऱ्याला सुलतानाने परत पाठवलं. त्याचा लटकता देह लिओनार्दोने रेखाटला आणि शेजारी कपड्यांचे रंग नोंदवून ठेवले. कटवाल्यांची लटकती चित्रं भिंतीवर काढायचं सरकारी काम बोतिचेल्लीकडे गेलं. पोपने लोरेन्झोला धर्मबहिष्कृत केलं, फ्लॉरेन्सवर धर्मबंदी घातली, म्हणजे तिथले चर्चचे विधी थांबवायला सांगितले, युद्ध झालं, लोरेन्झो जीव धोक्यात घालून नेपल्सला गेला आणि तह घेऊन आला. आणि १४८१ मध्ये त्याच सिक्स्टसला आपल्या नव्या चॅपेलच्या भिंती रंगवायच्या होत्या, तेव्हा रोमला कोण गेलं? बोतिचेल्ली, घिर्लांदायो, कोसिमो रोझेल्ली. सगळे फ्लॉरेन्सचे. तीन वर्षांपूर्वी पोपच्या साथीदारांना भिंतीवर लटकवणारा कुंचला आता पोपच्या भिंतीवर मोझेस काढत होता. त्या चॅपेलला आज आपण सिस्टीन म्हणतो ते याच सिक्स्टसवरून.

कोणी म्हणेल, हे तर कलावंतांचं निर्लज्जपण झालं. असेलही. पण खून आणि तह यांच्यामध्ये चित्रकार पाठवण्याची एक वाट होती, आणि ती दोघांनाही लागत होती. १४५४ च्या लोदीच्या तहाने पाच सत्तांत एक नाजूक तोल आला होता. एकाचं पारडं जड झालं की बाकीचे एकत्र यायचे, आणि हे कळावं म्हणून एकमेकांच्या दरबारी कायमचे वकील ठेवायची पद्धत याच राज्यांनी रुळवली. तो तोल पुरता शांत नव्हता, पाझी कटानंतर आणि फेरारासाठी युद्धं झालीच. तरी पुढे जे आलं त्यामानाने ती चाळीस वर्षं निवांत म्हणायची. मांतुआच्या वाड्यातली मांतेन्याची भित्तिचित्रं, बोतिचेल्लीची बहुतेक नावाजलेली चित्रं, उर्बिनोचा राजवाडा, व्हेनिसमध्ये बेल्लीनीच्या उमेदीची वर्षं ही सगळी त्यातलीच. कापाकापीतून कला निघते म्हणणाऱ्यांनी या तारखा लावून बघाव्यात.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी कलाप्रेमी वाचकाच्या सोयीचं बोलणार नाही. या राजांना त्यांच्या चित्रांमुळे माफ करायची आपल्याला सवय झाली आहे. फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रोचं ते बाजूने काढलेलं चित्र आपल्याला पाठ असतं. मोडकं नाक, लाल टोपी. सुसंस्कृत सेनापती, पुस्तकं जमवणारा. १४७२ मध्ये तुरटीच्या खाणीच्या भांडणावरून वोल्तेर्रा शहराने फ्लॉरेन्सविरुद्ध डोकं वर काढलं. लोरेन्झोने फेदेरिकोला पैसे मोजून पाठवलं. शहर अटींवर शरण आलं, आणि तरीही लुटलं गेलं. फ्लॉरेन्सने विजेत्याचा मोठा सत्कार केला, चांदीचं शिरस्त्राण दिलं. फेदेरिकोच्या प्रसिद्ध ग्रंथसंग्रहातल्या हिब्रू हस्तलिखितांचा मोठा भाग वोल्तेर्रातल्या एका ज्यू सावकाराचा आहे, त्या लुटीत आलेला. ग्रंथालय सुंदरच होतं. आणि हाच फेदेरिको सहा वर्षांनी पाझी कटात लोरेन्झोविरुद्ध सामील होता, हे सांकेतिक लिपीतलं एक पत्र उलगडल्यावर अलीकडे स्पष्ट झालं.

मांतुआची गोष्ट तर मला जास्त टोचते. दानिएले दा नोर्सा या ज्यू सावकाराने एक घर विकत घेतलं. त्याच्या दर्शनी भिंतीवर मेरीमातेचं चित्र होतं. बिशपची परवानगी घेऊन त्याने ते पुसलं. जमाव खवळला. ६ जुलै १४९५ ला फोर्नोव्होच्या लढाईत मांतुआच्या फ्रान्चेस्को गोन्झागाने फ्रेंचांना अडवलं, म्हणजे अडवल्याचा दावा केला. फ्रेंच सैन्य निसटून घरी पोचलं ते पोचलंच. विजयाचं स्मारक तर हवं. नोर्साला ११० ड्यूकॅट भरायला लावले, त्यातून मांतेन्याने ‘विजयाची मेरीमाता’ रंगवली. नोर्साचं घर पाडून तिथे चर्च बांधलं. लढाईच्या वर्षदिनी चित्राची मिरवणूक निघाली. आणखी एका चित्रात नोर्सा कुटुंबीय मेरीमातेच्या पायांखाली उभे केलेले आहेत, छातीवर ज्यूंना सक्तीचं केलेलं पिवळं चिन्ह. मांतेन्याचं चित्र आज लूव्रमध्ये आहे, नेपोलियनच्या लुटीतून आलेलं. त्यातला चिलखत घातलेला, गुडघे टेकलेला गोन्झागा बघणाऱ्याला लक्षात राहतो. ज्याच्या पैशावर तो टेकला आहे तो नाही.

खर्चाचं ओझं सावकारांपुरतं नव्हतं. मिलानशी चाललेल्या युद्धापायी फ्लॉरेन्सची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १४२५ मध्ये सरकारने हुंडा निधी काढला. बापाने मुलीच्या नावाने रक्कम ठेवायची, ठराविक वर्षांनी लग्न झालं की जावयाला वाढीव हुंडा मिळायचा. मधल्या काळात तो पैसा सरकारच्या हाती. दोन वर्षांनी प्रत्येक घराची मालमत्ता, कर्जं आणि खाणारी तोंडं मोजून नवा कर आला. इतिहासकारांना ती कागदपत्रं म्हणजे घबाड वाटतात. ज्यांना ती भरावी लागली त्यांचं मत वेगळं असणार.

एक जुना आरोप मात्र मी खोडून काढेन. कलेत आणि पांडित्यात रमल्यामुळे इटली मऊ पडली आणि परकीयांनी ती खाल्ली, असा. फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी-लेखक मॅकियाव्हेली यानेही याच्या जवळ जाणारं लिहिलं आहे: आमच्या राजांना वाटायचं की अभ्यासिकेत बसून चटकदार उत्तर सुचलं की राज्य चालतं. त्याचा राग समजू शकतो. पण पगारी सैन्याला सतत नावं ठेवणाऱ्या या माणसाने स्वतः उभं केलेलं नागरिकांचं सैन्य १५१२ मध्ये प्रातोला स्पेनच्या फौजेपुढे पळालं आणि शहर कापलं गेलं. इटली पडली ती प्रत्येकाने शेजाऱ्याला धडा शिकवायला बाहेरच्याला घरात घेतल्यामुळे. लुदोव्हिकोने नेपल्सच्या धाकाने फ्रान्सच्या राजाला चुचकारलं. १४९९ मध्ये व्हेनिसने फ्रान्सशी संधान बांधून त्या लुदोव्हिकोलाच बुडवलं. तो पुढे फ्रान्सच्या कैदेत मेला. ज्युलियसने व्हेनिसला वठणीवर आणायला फ्रान्स, स्पेन आणि जर्मनीकडचा पवित्र रोमन सम्राट यांची मोट बांधली, १५०९ मध्ये अन्यादेल्लोला व्हेनिसचा चक्काचूर झाला, आणि मग पोप ‘रानटी लोकांना हाकला’ असं म्हणू लागला. यात एकाही चित्राचा दोष दिसत नाही.

६ मे १५२७ ला पगार थकलेली सम्राटाची फौज रोममध्ये घुसली. पोपच्या १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ जण मारले गेले. राफाएलने रंगवलेल्या दालनात कोणी ‘लूथर’ असं कोरलं. ते ओरखडे अजून दिसतात. कलावंत पांगले. सान्सोव्हिनो व्हेनिसला गेला आणि त्या शहराचा चौक त्याने बदलून टाकला, पार्मिज्यानिनो बोलोन्याला. म्हणजे तेव्हाही काही दारं उघडी होती. दोन वर्षांनी फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाला सम्राट आणि मेडिची पोप यांनी मिळून वेढलं. तटबंदीचं काम मायकेलँजेलोकडे होतं. शहर पडल्यावर तो लपून बसला, आणि पोपने माफी दिल्यावर ज्यांच्याविरुद्ध बुरूज बांधले होते त्याच मेडिचींच्या थडग्यांवर पुन्हा छिन्नी चालवू लागला. १५०६ ला रोमवर रुसलं की फ्लॉरेन्स होतं. आता रोममध्ये मेडिची आणि फ्लॉरेन्समध्येही मेडिची. रुसून जायचं कुठे?

इथे माझ्या मुद्द्यावर एक वाजवी आक्षेप येतो. १५३० नंतर कला काही संपली नाही. मेडिचींपैकी ड्यूक झालेल्या पहिल्या कोसिमोच्या (लोरेन्झोच्या आजोबाहून हा वेगळा) फ्लॉरेन्समध्ये चेल्लीनीचा पर्सियस उभा राहिला, ब्रोन्झिनोची व्यक्तिचित्रं झाली. व्हेनिसमध्ये तिशियान, तिंतोरेत्तो. पोपच्या रोममध्ये पुढे काराव्हाज्जो आणि बर्निनी. खरं आहे, हात तयार होते, पैसाही होता, आणि एकछत्री सत्तेला दिमाख नेहमीच हवा असतो. गेलं ते दुसरंच. सत्ता कशी चालते हे उघड बोलणारं लेखन आटलं. मॅकियाव्हेलीचं ‘द प्रिन्स’ छापलं गेलं ते पोपच्या परवान्याने, १५३२ मध्ये. १५५९ च्या पोपच्या यादीत त्याची सगळी पुस्तकं बंद. त्याच वर्षीच्या तहाने मिलान आणि नेपल्स स्पेनकडे पक्के झाले. सिस्टीनमधल्या ‘अंतिम निवाड्या’तल्या नग्न आकृत्यांना मायकेलँजेलो गेल्याबरोबर कपडे चढले. व्हेनिसचा चित्रकार व्हेरोनेझे याला १५७३ मध्ये धर्मन्यायालयाने विचारलं की प्रभूच्या शेवटच्या भोजनात विदूषक, दारुडे आणि जर्मन शिपाई कशाला? तीन महिन्यांत सुधारणा कर, असा हुकूम झाला. त्याने चित्राला वेगळं नाव दिलं, ‘लेवीच्या घरची मेजवानी’, आणि चित्र जसंच्या तसं राहिलं. हे व्हेनिसमध्ये जमलं. तिथल्या धर्मन्यायालयात प्रजासत्ताकाचे स्वतःचे प्रतिनिधी बसत आणि रोमला तिथे सगळंच मनासारखं करता येत नसे.

आपल्याकडे दर साहित्य संमेलनाच्या तोंडावर सरकारी अनुदान घ्यावं की नाही याची चर्चा होते. एक बाजू म्हणते, घेतलं की मिंधे होतो. दुसरी म्हणते, सरकारने नाही द्यायचं तर कोणी? दोन्ही बाजू देणारा एकच आहे हे धरून चालतात. फ्लॉरेन्सच्या व्यापारी श्रेणी, मांतुआचा संस्थानिक, रोमचा पोप आणि व्हेनिसचं सरकार यांपैकी एकही निर्मळ देणगीदार नव्हता. ते एकमेकांचे वैरी होते, हीच घेणाऱ्याची सोय होती. नगरपालिका, विद्यापीठं, सहकारी बँका, वाचनालयं, खासगी न्यास, राज्य आणि केंद्र यांनी वेगवेगळ्या कारणांनी, हवं तर एकमेकांच्या ईर्ष्येने, पैसे द्यावेत. देणाऱ्याच्या शुद्ध हेतूची वाट बघण्यात मला अर्थ दिसत नाही.

दारं मिटल्यावर काय होतं ते गॅलिलिओच्या बाबतीत दिसतं. १५९२ पासून अठरा वर्षं तो पादुआत, म्हणजे व्हेनिसच्या राज्यात, शिकवत होता. १६०६ मध्ये पोपने व्हेनिसवर धर्मबंदी घातली तेव्हा प्रजासत्ताकाने ती धुडकावली आणि येशूसंघाच्या पाद्र्यांना हद्दपार केलं. असं राज्य सोडून गॅलिलिओ १६१० मध्ये फ्लॉरेन्सला गेला. शिकवण्याचा कंटाळा होता, ग्रँड ड्यूक मेडिचीचा राजगणिती हा हुद्दा हवा होता, आणि त्यासाठी गुरू ग्रहाच्या चार चंद्रांना त्याने मेडिचींचं नाव दिलं होतं. व्हेनिसच्या सॅग्रेदो या मित्राने नंतर कळवळून लिहिलं, की इथलं स्वातंत्र्य तुला तिथे कुठे मिळणार? १६३२ मध्ये रोमने बोलावलं तेव्हा ग्रँड ड्यूकने त्याला पाठवलं. वकिलातीत ठेवून घेतलं, रदबदली केली, पण पाठवलं. शेवटचं पुस्तक छापायला इटलीत कोणी मिळेना. ते १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. १६४२ मध्ये तो गेला तेव्हा सांता क्रोचे चर्चमध्ये मोठं स्मारक करायचं ग्रँड ड्यूकच्या मनात होतं. पोपने नको म्हटलं. घंटाघराखालच्या एका छोट्या खोलीत त्याला पुरलं.

मेडिचींना तोवर स्मारकं करता येत नव्हती असं नाही. जुन्या गोव्यात बॉम जेजूच्या चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्सचा आहे. तिसऱ्या कोसिमोने तो फोज्जिनी या आपल्या दरबारी शिल्पकाराकडून करवून घेतला, चारी बाजूंना ब्राँझचे चित्रफलक बसवून, आणि जहाजातून पाठवला. १६९८ मध्ये तो तिथे उभा राहिला. बदल्यात कोसिमोला संताच्या डोक्याखालची उशी मिळाली. गॅलिलिओ तेव्हा घंटाघराखालीच होता. त्याला चर्चच्या मुख्य भागात हलवलं ते १७३७ च्या मार्चमध्ये, त्या स्मारकावरचा अर्धपुतळाही त्याच फोज्जिनीचा आहे, आणि खर्च केला तो गॅलिलिओच्या शिष्याने मागे ठेवलेल्या पैशातून.